लोकर कातायला घेतलीय, पण धागा सारखा तुटतोय!

गोधडीवाली (पुणे)

नमस्कार मंडळी. विणकामाच्या विभागात बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. आणि विषय असा की धागा निघतच नाहीये.

झालं असं. दिवाळीनंतर सासवडच्या पुढे एका ओळखीच्यांच्या मळ्यात मेंढ्यांचा वाडा बसला होता. आम्ही हुरड्याला गेलो होतो. नुकतीच कातरणी झालेली, बांधावर लोकरीचा ढीग पडलेला. वाड्यावरच्या आज्जींना विचारलं, केवढ्याला देणार? त्या हसल्याच. "न्हे की बाई. कोन इचारतंय त्येला आता? कातरायची मजुरीबी निघंना." मी पोतं भरून आणलं. दोनशे रुपये दिले तर घेईनात, शेवटी नातवाच्या हातात कोंबले.

बारा वर्षं स्वेटर विणतेय, तेव्हा वाटलं की आपल्याच मातीतली लोकर धुवावी, कातावी, रंगवावी आणि छान मऊ शाल विणावी. (हसू नका.)

पहिली अर्धा किलो वॉशिंग मशीनमध्ये घातली. 'वूलन'चं बटण आहेच ना! बाहेर आला तो एक करडा, घट्ट, ओला नमदा. कात्रीनेसुद्धा कापेना. दुसरा घाणा बादलीत धुतला, तो ठीक वाटतोय. मग आईची पितळी टकळी (हाताने फिरवून सूत कातायची) माळ्यावरून काढली. दोन वीत धागा होतो की तट्‌कन तुटतो, टकळी फरशीवर. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारून गेल्या, काय पडतंय सारखं?

तर प्रश्न: धुवायची कशी, धागा का तुटतो, आणि रंग घरच्या घरी कोणते बसतात? जे सुचेल ते सांगा.

---

कुरकुरे

म्हणजे आता खरोखरीचं भिजत घोंगडं.

---

टकळीवाले नाना (वर्धा)

ताई, तुमच्या प्रश्नाने मला साठ-पासष्ट वर्षं मागे नेलं. आमच्या शाळेत सूतकताईचा तास असे. प्रत्येकाची टकळी, पेळूंची (पिंजलेल्या कापसाच्या गुंडाळ्यांची) पुडी आणि खाली टेकवायला फुटक्या पाटीचा तुकडा. गुरुजी तारा मोजून घेत. १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. तार तुटली की हातावर पट्टी.

तुमचा घोळ टकळीतच आहे. ती पितळी टकळी कापसाची. कापसाचा तंतू इंचभर लांब, म्हणून टकळी टेकवून फिरवायची आणि बोटं जवळजवळ ठेवायची. लोकरीचा तंतू दोन-तीन इंच. तिथे बोटं जवळ ठेवलीत तर एकच तंतू दोन्ही चिमटीत सापडतो, मग तुम्ही कितीही ओढा, तो सरकणार नाही. आधी पोतातून एक बट ओढून तिची लांबी पाहा. दोन चिमटींमधलं अंतर त्यापेक्षा थोडं जास्त हवं. हे एवढं केलंत तरी निम्मं काम होईल.

दुसरं, तुटलेलं टोक नीट बघायचं. टोक झिरझिरीत, मांजराच्या शेपटीसारखं असेल तर पीळ कमी पडला आणि तंतू एकमेकांवरून घसरले. टोक कडक होऊन गुंडाळलं असेल तर पीळ जास्त झाला. तुमचं कोणतं?

---

गोधडीवाली

मांजराची शेपटी, नाना. शंभर टक्के.

---

टकळीवाले नाना

मग टकळी उलटी फिरतेय. पहिला जोर संपला की ती क्षणभर थांबते आणि परत सुटायला लागते. आपलं लक्ष वरच्या हाताकडे असतं, तेव्हा कळत नाही. तोवर घातलेला पीळ सगळा गेला.

सुरुवातीला एक काम करा. टकळी लटकवू नका. फिरवा, पीळ साठू द्या आणि टकळी गुडघ्यांत धरून ठेवा. मग दोन्ही हात मोकळे. एका हाताने पेळू पातळ करायचा, दुसऱ्याने पीळ सोडायचा. पीळ स्वतःच वर चढताना दिसतो. तो जिथे पातळ आहे तिथे आधी धावतो, जाड गाठीला हातसुद्धा लावत नाही. आठ दिवस असंच काता. लटकवायचं नंतर बघू.

---

अरुंधती (क्राइस्टचर्च)

नानांना अनुमोदन. आमच्याकडे न्यूझीलंडमध्येही नवशिक्यांना अगदी हेच शिकवतात.

लोकरीला टकळी जरा जड हवी, ४० ते ६० ग्रॅमची. विकत घ्यायची गरज नाही. दोन जुन्या सीडी, मधल्या भोकात घट्ट बसेल असा रबरी वायसर, एक फूटभर सरळ काठी आणि वरच्या टोकाला कपाटातला छोटा हूक. झाली टकळी. माझी पहिली टकळी म्हणजे विणायच्या सुईत खुपसलेला बटाटा होता! तिसऱ्या दिवशी सुकून हलका झाला, तेव्हा वजनाचं महत्त्व कळलं.

धुण्याबद्दल: मोठ्या टबात ६० अंशाच्या आसपासचं गरम पाणी, त्यात भांडी घासायचं लिक्विड, मग लोकर वरून अलगद ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. ढवळायचं नाही, चोळायचं नाही, वरून नळ सोडायचा नाही. वीस मिनिटांनी उचलून तेवढ्याच गरम, साबण नसलेल्या पाण्यात. पाणी गार व्हायच्या आत काढायची, नाहीतर सुटलेली चरबी परत लोकरीवरच बसते. दोन-तीन पाणी झाली की जाळीवर पसरायची.

पिंजायला हातपिंजणी मिळाली नाही तर पाळीव प्राण्यांच्या दुकानातून कुत्र्याचे केस विंचरायचे दोन चौकोनी ब्रश घ्या. वाकड्या बारीक तारांचे असतात ते. एकावर लोकर लावायची, दुसऱ्याने हलके ओढायचं, मग गुंडाळून पेळू करायचा. चालतं छान.

---

माणदेशी

ताई, मी मेंढपाळाच्याच घरातला. आजोबांच्या १५० मेंढ्या होत्या. आता चुलत्याकडं थोड्या उरल्यात, मी पुण्यात कॉम्प्युटरवर.

दोन गोष्टी सांगतो, रागावू नका. एक, ही लोकर शालीची न्हाई. दख्खनी मेंढी पाऊस-उन्हात, काट्याकुट्यात शे-दोनशे कोस चालणारी. तिची लोकर जाडीभरडी, त्यात केस मिसळलेले. ती घोंगड्याला लागते. घोंगडं पाऊस अडवतं, खाली अंथरलं तर ओल वर येऊ देत न्हाई, आणि चाळीस-चाळीस वर्षं टिकतं. मऊ पाहिजे असंल तर जावळ मागायचं, म्हणजे कोकरांची पहिली कातरणी. त्याचं घोंगडं लई मऊ. पण जावळ कुणी बांधावर टाकत न्हाई.

दुसरं, हिला फार साबण नको. चरबी कमीच असते. आमच्याकडं कातरणीच्या आधी मेंढ्याच ओढ्याला नेऊन धुतात. पोरांचा तो सण असायचा, एकेक मेंढी ढकलायची डोहात. लोकरीत राहती ती माती, कुसळं, गोखरू आणि लेंड्या. त्या पाण्यानं न्हाई जात, उन्हात वाळवून काठीनं झोडपायची. वाळू झडती. मग पिंजायची.

आज्जी चरख्यावर कातायची. सूत सणगराकडं जायचं, तो ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावून खड्ड्याच्या मागावर विणायचा. रंग कुणी देत नव्हतं. काळी, पांढरी, करडी मेंढी, तोच रंग.

---

शुभदा_म (नाशिक)

माणदेशी म्हणतात ते खरं आहे. मी हौसेने असल्या सुताचा मफलर विणला होता. नवऱ्याने एकदा घातला आणि दिवसभर मान खाजवत बसला. आता तो मफलर फ्रीजच्या वर टोपलीखाली असतो.

गोधडीवाली, आधी मऊ लोकरीवर शिका ना. धुऊन-विंचरून तयार मेरिनोचे पट्टे मिळतात ऑनलाइन.

---

टकळीवाले नाना

शिकायला मेरिनो नको. ती फार निसरडी, शिवाय महाग, त्यामुळे हात आखडतो. जाडी लोकर तंतूला तंतू धरून ठेवते. शिकायला हीच बरी.

---

अरुंधती (क्राइस्टचर्च)

मधला मार्ग म्हणजे कॉरिडेल. मेरिनो आणि लिंकन मेंढ्यांच्या संकरातून आमच्या इकडेच तयार झालेली जात, नावही इथल्याच एका इस्टेटीचं. लांब तंतू, बऱ्यापैकी मऊ, घसरत नाही. भारतात मागवून महाग पडेल, पण १०० ग्रॅममध्ये महिनाभर शिकता येतं. राजस्थानातली चोकला मेंढीची लोकरही पाहा. तिथल्या जातींत ती बारीक समजतात.

(अवांतर: इथून तासाभरावर अ‍ॅशबर्टन गावात १९३४ साली सुरू झालेला, चरखे करणारा अ‍ॅशफर्डचा कारखाना आहे. पायाने चालवायचा चरखा तिथे पहिल्यांदा पाहिला, आणि एकदम आजोबांचा पेटी चरखा आठवला. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ज्याची घडण पक्की केली, तोच. सुटकेसइतका बंद होणारा. तो मात्र कापसासाठी. त्याची चाती (सूत पिळणारी सळई) फार वेगाने फिरते, लोकरीला पीळ जास्त होतो.)

---

रसायनवाला (इचलकरंजी)

उशिरा आलो. तीस वर्षं प्रोसेस हाऊसमध्ये रंगखात्यात काढली, आता निवृत्त. नमद्याबद्दल कुणी कारण सांगितलं नाही म्हणून लिहितो.

लोकरीच्या तंतूवर खवले असतात, माशासारखे, सगळे टोकाकडे तोंड करून. गरम साबणपाण्यात ते उघडतात. त्यात घुसळण मिळाली की तंतू मुळाच्या दिशेने सरकतो, पण खवल्यांमुळे परत मागे येऊ शकत नाही. हजारो तंतू असे एकमेकांत घुसतात आणि कायमचे अडकतात. म्हणजे एकटी उष्णता चालते, एकटा साबण चालतो, उष्णता अधिक साबण अधिक घुसळण म्हणजे नमदा. एकदम गरमातून गारात टाकणंही टाळा. मशीनने आपलं काम चोख केलं, त्याला दोष देऊ नका.

रंगांबद्दल. लोकर म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखं. सुती कपड्यावर जे रंग बसत नाहीत ते लोकरीवर आम्लात आनंदाने बसतात. पण काळी लोकर रंगवायच्या भानगडीत पडू नका, दिसणारच नाही. पांढरी आणि करडी वेगळी काढा. करड्यावर रंग दिलात तर खोल, मातकट छटा मिळते. मला तीच जास्त आवडते. आणि त्या लोकरीतले जाड, ठिसूळ पांढरे केस रंग पीत नाहीत, ते तसेच उठून दिसतील.

आधी तुरटी. १०० ग्रॅम कोरड्या लोकरीला १२ ग्रॅम तुरटी आणि ५-६ ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर, जे केकच्या सामानाच्या दुकानात मिळतं. भरपूर पाण्यात विरघळवा, भिजवलेली लोकर त्यात सोडा, हळूहळू ८०-८५ अंशांपर्यंत न्या, तासभर ठेवा आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या. घाई नको. यानंतर कोणताही वनस्पतीचा रंग द्या. भांडं स्टीलचं, आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. हे वाक्य घरात मोठ्याने वाचून दाखवा.

---

गोधडीवाली

वाचून दाखवलं. सासूबाईंनी लगेच तळाला चिकटणारं एक पातेलं काढून दिलं. म्हणाल्या, गेली पाच वर्षं निमित्त शोधत होते.

मग कोणकोणते रंग? हळद, बीट, जास्वंद, कांद्याची टरफलं असं बरंच वाचलंय.

---

रसायनवाला

बीट आणि जास्वंद विसरा. पाण्यात फार सुंदर दिसतात, लोकरीवर आठवड्यात जातात. हळद बसते छान, तुरटीशिवायसुद्धा, पण उन्हात उडते. शिवाय साबण लागला की लाल होते. हळदीचं कुंकू करतात ती हीच युक्ती.

खात्रीचे म्हणाल तर कांद्याची टरफलं: सोनेरी ते विटकरी, भाजीवाला फुकट देतो. डाळिंबाची साल: पिवळा, अंगचं टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर असल्याने टिकाऊ. त्याच पाण्यात चिमूटभर हिराकस (लोहाचा क्षार) टाकलंत की तुमच्या डोळ्यांदेखत पिवळ्याचा करडा-काळा होतो. पण हिराकस जपून, लोकरीच्या वजनाच्या दोन टक्क्यांपुरतं, जास्त झालं तर लोकर खरखरीत आणि कमजोर होते. लाल हवा तर मंजिष्ठा, काष्ठौषधींच्या दुकानात काड्या मिळतात. लोकरीच्या वजनाएवढ्या घ्या, कुटून रात्रभर भिजवा, आणि ७० अंशांच्या वर नेऊ नका. वर गेलात की तपकिरी उतरतं.

---

हौशी_रंगारी

हिरवा हवा असेल तर मोरचूद वापरा, डाळिंबावर मस्त शेवाळी येतो. मी स्वयंपाकघरातच करतो, काही होत नाही.

---

रसायनवाला

कृपा करून हे कुणी करू नका. मोरचूद विषारी आहे. आम्ही कारखान्यात हातमोजे घालून वापरायचो आणि पाणी प्रक्रिया केल्याशिवाय सोडायचो नाही. तुम्ही ते पाणी सिंकमध्ये ओतणार, म्हणजे नदीत. डाळिंबाच्या पिवळ्यावर नीळ वनस्पतीच्या रंगाचा एक हलका हात दिला तरी हिरवा मिळतो.

---

हौशी_रंगारी

आमच्या द्राक्षबागांवर पिढ्यान्‌पिढ्या मोरचूद-चुना फवारतायत, तेव्हा कुणी बोलत नाही.

---

रसायनवाला

बागेत बोर्डो फवारतात, ते पातेलं चुलीवर ठेवून वाफ घेत नाहीत. माझ्याकडून हा विषय संपला.

---

व्यवस्थापक

दोघांनीही इथेच थांबावं. द्राक्षांसाठी शेतीचा विभाग आहे.

---

शुभदा_म (नाशिक)

सोपी युक्ती मी सांगते, लहान मुलांनाही करता येते. जिलेबीचा खायचा रंग! पाण्यात रंग, त्यात पांढरं व्हिनेगर किंवा लिंबूफूल, पांढरी लोकर घालायची आणि उकळी फुटायच्या आधीच्या आचेवर अर्धा तास. पाणी अक्षरशः स्वच्छ होतं, सगळा रंग लोकरीत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नवऱ्याला हाक मारून बोलावलं होतं.

फक्त जांभळ्याने फसवलं. लाल आणि निळा मिसळून जांभळा केला, तर लाल आधी शोषला गेला, निळा मागे राहिला. लोकरीवर एका बाजूला गुलाबी, दुसरीकडे निळे डाग.

---

रसायनवाला

फसवलं नाही, रंगांचा वेग वेगळा. आम्ल शेवटी घाला आणि आच फार हळू चढवा, बराचसा एकसारखा येईल. आपल्याकडे खाद्यपदार्थांत परवानगी असलेले टारट्राझिन, कार्मोइसिन, ब्रिलियंट ब्लू हे सगळे रसायनाच्या भाषेत आम्लरंगच. कारखान्यात लोकरीला याच जातीचे रंग वापरतात. म्हणून बसतात.

---

गोधडीवाली (बारा दिवसांनी)

हजेरी लावतेय.

सीडीची टकळी झाली. गुडघ्यात धरून कातायचं तंत्र जमलं. नाना, तुम्ही म्हणालात तसा पीळ चढताना खरंच दिसतो! काल रात्री दिव्याखाली बघत बसले. पेळूचा त्रिकोण होतो चिमटीपाशी, रुंद टोक वर, निमुळतं खाली, आणि चिमूट सैल केली की पीळ त्या त्रिकोणात शिरतो आणि सगळे तंतू एकदम अंग चोरून उभे राहतात. दहा ग्रॅम कातायला दीड तास लागला. अंगठा आणि तर्जनीला अजून मेंढीचा वास येतोय, दोनदा लिंबू चोळलं तरी.

वासावरून आठवलं. गच्चीवर लोकर वाळत घातली होती, सोसायटीच्या ग्रुपवर 'गच्चीत काहीतरी मेलंय का' असा निरोप फिरला. मी गप्प राहिले. मग वॉचमनने सांगून टाकलं.

मंजिष्ठा केली. सत्तर अंश म्हणजे नक्की किती हे थर्मामीटरशिवाय अंदाजाने केलं, आणि तेवढ्यात कुरियरवाला आला. परत येईपर्यंत पातेलं बुडबुडत होतं. लाल यायच्या ऐवजी विटेच्या चुऱ्यासारखा तपकिरी आला. सासूबाईंना मात्र तोच आवडला, त्यांच्या नऊवारीच्या काठाशी जुळतो म्हणे.

कांदा सरळ आला. डाळिंब आणि हिराकस: तुम्ही सांगितलंत तसंच, डोळ्यांदेखत. चमचा फिरवेपर्यंत पिवळा गेला, पावसाळी ढगासारखा रंग आला.

---

रसायनवाला

बोअरचं पाणी वापरता का? लोह असेल तर सगळे रंग थोडे मळकट येतात. पुढच्या वेळी पावसाचं किंवा गाळलेलं पाणी घेऊन बघा.

---

गोधडीवाली

टँकरचं. पुण्यात राहते हो.

---

कुरकुरे

टँकरचं पाणी, केकच्या दुकानातली पावडर, कुत्र्याचा ब्रश, जिलेबीचा रंग. मेंढीला कळलं तर?

---

टकळीवाले नाना

ताई, आता दुपदरी करा. एकेरी धागा विणलात तर कापड एका बाजूला तिरकं जातं. कातताना टकळी घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवली असेल, तर दोन धागे एकत्र पिळताना उलटी फिरवा. दोन्ही पीळ एकमेकांना धरतात. मग लडी कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून नुसती टांगा, खाली वजन लावू नका. वाळल्यावर लडी सरळ लोंबली तर पीळ बरोबर. स्वतःभोवती वेटोळं घेतलं तर कुठेतरी कमी-जास्त झालंय.

---

माणदेशी

आणि उरलेली लोकर पोत्यात तशीच ठेवू नका, कसर लागंल. वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुनिंब घाला मधनं मधनं. आमच्याकडं घोंगड्यांच्या घडीत वेखंड असतंयच.

---

अरुंधती (क्राइस्टचर्च)

कसर आधीच शिरली असेल असं वाटलं तर लोकर पिशवीत बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये. घरच्यांना आधी सांगा. आमच्याकडे एकदा पाहुण्यांनी मटण समजून पिशवी काढली होती.

---

गोधडीवाली (अडीच महिन्यांनी)

बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं, म्हणून धागा वर आणतेय.

४०० ग्रॅम कातून झाली. मफलर नाही, शाल नाही. शहाणी झाले. माणदेशींनी त्यांच्या गावाकडच्या एका सणगरकाकांचा पत्ता दिला, तिथे रविवारी जाऊन आले. त्यांच्या घरात एक माग अजून चालू आहे. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं. बाहेर अंगणात ताणा पसरलेला आणि त्यांची सून कुंच्याने चिंचोक्याची खळ चोपडत होती. आंबट-गोड, खिरीसारखा वास.

मी पिशवीतून माझ्या लड्या काढल्या. तपकिरी, सोनेरी, ढगाळ. काकांनी रंगांकडे पाहिलंच नाही. एक लडी घेतली, धाग्याचं टोक धरून दोन हातांत ताणलं, तट्‌. दुसऱ्या जागी धरलं, तट्‌. तिसऱ्या जागी टिकला. अंगठ्याने चाचपत हातभर सूत पुढे सरकवलं, एक जाड गाठ लागली, तिथे थांबले.

म्हणाले, "पयल्यांदाच कातलंय जनू?"

मी हो म्हटलं.

"ताण्याला न्हाई चालायचं. खळीत घातलं तर इरघळंल. बाण्याला घालू."

म्हणजे उभे धागे त्यांच्या सुताचे, काळे. आडवे माझे. बसायला एक आसन होईल एवढं निघेल म्हणाले, महिन्याभराने या. विणायची मजुरी मी विचारली ती त्यांनी सांगितली आणि मी घासाघीस न करता कबूल केली, हे इथे लिहून ठेवते, कारण आपल्यापैकी बरेच जण हाताच्या कामाला 'एवढे कसे?' विचारतात. मीही विचारायचे. दहा ग्रॅमला दीड तास लागल्यावर सुटली ती सवय.

---

टकळीवाले नाना

बाण्याला घेतलं म्हणजे पास! आमच्या गुरुजींनी माझं पहिलं सूत दिव्याच्या वातीला दिलं होतं.

---

माणदेशी

काका कुणाचं सूत सहजी घेत न्हाईत. आमच्या आज्जीचं सुद्धा तपासून घ्यायचे. ताई, कोकरांची कातरणी झाली की थोडं जावळ ठेवायला सांगू का चुलत्याला?

---

गोधडीवाली

सांगा! किलोभर. पण या खेपेला पैसे आधी ठरवायचे, नातवाच्या हातात कोंबायला लावू नका.

---

शुभदा_म (नाशिक)

जावळ आलं की अर्धा किलो मला. आणि आसनाचा फोटो टाका.

---

कुरकुरे

सगळं झालं, पण तो मशीनमधला नमदा कुठंय?

---

गोधडीवाली

मांजर झोपतं त्यावर. आता दुसरीकडे कुठे झोपायलाच तयार नाही.